इन्शिराहचं होल्ड ऑन

कैरोतल्या आमच्या कॉल सेंटरमध्ये इन्शिराह माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायची. विद्यापीठात इंग्रजी शिकलेली, पण फोनवर बोलायला लागली की कोर्टाचा निकाल वाचतेय असं वाटायचं. अमेरिकेतलं गिऱ्हाईक वैतागायचं, "मशीन नको, माणूस द्या!" तिची नोकरी अजून कच्ची, आणि कच्च्यांना रात्रपाळीच. सुपरवायझर शाहीनाजबाईंनी तोंडावर सांगितलं होतं, "गुरुवारी मी तुझा कॉल ऐकणार. घरच्यासारखं बोललीस तर राहशील." आधी छापील वाक्यं घोकायला लावायची आणि मग घरच्यासारखं बोला म्हणायचं! माझं डोकंच फिरलं.

मी इंग्रजी शिकलो ते बाजारात टुरिस्टांच्या मागे ओरडत. तिला म्हटलं, "ही माणसं जड शब्द वापरतच नाहीत गं. होल्ड ऑन, सॉर्ट आउट, हँग अप. दोन बारके शब्द जोडायचे, झालं."

"झालं काय? कुठला कशाला जोडायचा, नियम सांग ना."

"नियम गेला खड्ड्यात! बोल!"

ती बोलायची, पण प्रत्येक जोडीआधी थबकायची, उघड्या गटारावरून उडी मारण्याआधी थबकावं तशी.

गुरुवारी शाहीनाजबाई हेडफोन लावून मागे उभ्या, मीही शेजारून त्याच लाइनवर कान लावलेला. फोनवर एक म्हातारा, फ्रिज तिसऱ्यांदा बंद पडलेला, नुसता आग ओकत होता. इन्शिराहने छापील माफी वाचली, तो आणखी भडकला. आमच्याकडे रस्त्यात दोघं हमरीतुमरीवर आले की तिसरा मध्ये पडून म्हणतो, "पैगंबरांवर दरूद पढा." दोघं पैगंबरांसाठीची ती छोटी प्रार्थना पुटपुटतात, आवाज खाली येतो. तर या बयेने त्या अमेरिकन म्हाताऱ्याला इंग्रजीत तेच सांगितलं!

मी कपाळाला हात लावला.

"काय म्हणालीस?" म्हाताऱ्याने विचारलं.

"चुकलं, हाजी. होल्ड ऑन, हँग अप करू नका. मी सॉर्ट आउट करते. मागच्या वेळी मेकॅनिक काय म्हणाला? गो ऑन, ऐकतेय मी." कुठे अडखळली नाही. घाबरल्यावर पाठांतर विसरली बहुतेक.

म्हातारा सांगत गेला. शेवटी म्हणाला, "ते हाजी काय आहे?"

"वडीलधाऱ्यांना म्हणतो आम्ही."

"बरं. मग म्हण."

शाहीनाजबाईंनी हेडफोन काढला. "प्रार्थनाबिर्थना पुन्हा फोनवर नको. रविवारपासून दुपारच्या पाळीला ये."

"म्हणजे पक्की, मॅडम?"

"कच्च्यांना दुपारची पाळी देतात का, पोरी?"