बिनबोलांचं वाजवणं

“बोटाले समजलं, वहिनी. मले अजून समजाचं आहे.” असं म्हणत ती पियानो बंद करायची आणि खाली माझ्याकडे चहाला यायची. वाशीमच्या आमच्या घरात वरच्या खोलीत ती भाड्यानं राहायची. कोर्टात कारकून होती. पियानो विजेवरचा, खाटेशेजारी कसाबसा मावलेला. आता बदली होऊन ती गेली आणि वरची खोली फारच शांत झाली आहे.

तिच्या वडिलांना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांच्या गावी, किन्हीराजाला, त्यांच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. तिथे तिला एका जर्मन संगीतकाराची संथ रचना वाजवायची होती, कारण वडिलांना, तिच्या आबांना, ती फार आवडायची. तिचे काका नाराज होते. “पोरी, याच्यात बोलच नाहीत. लोकाईले काय समजन?”

“मी नीट वाजवलं तं समजन,” ती बोलून गेली आणि मग स्वतःच घाबरली.

तुमच्या शेजारी कुणी वाजवणारं असेल तर तुम्हाला ठाऊकच असेल, दुसऱ्याचा रियाज ऐकणं म्हणजे छळ. आधी ती मोबाइलवरच्या कुण्या मोठ्या वादकासारखं हुबेहूब वाजवायची. मी कौतुक केलं तर म्हणाली, “हे त्याचं दुःख आहे. माह्यं कुठी आहे?” मग मोबाइल कपाटात गेला आणि नुसता डावा हात सुरू झाला. “आबा मधात बोलत नव्हते, पण संगं राहत होते. डावा हात तसा पाह्यजे.” तेव्हापासून तो हात हळुवार झाला.

शेवटाकडे एका सुरावर थांबायची खूण होती. किती थांबायचं, ते मात्र लिहिलेलं नव्हतं. ती रोज वेगळं थांबायची. कधी इतकी, की मला वाटायचं वीज गेली.

कार्यक्रमाला मीही गेले. भाषणं झाली, ती सोबत आणलेल्या पियानोवर वाजवायला बसली. मंडपात चुळबूळ चालली होती. तो सूर आला, विरून गेला, ती थांबली. तिच्या आत्याला वाटलं, श्रद्धांजलीसाठी स्तब्ध राहायची वेळ झाली. आत्या हात जोडून उभी राहिली आणि तिच्यामागे सगळा मंडप उठला. काकाही. मला हसू येत होतं, पण मीही उभी राहिले.

पियानोवरून तिनं वर पाहिलं. लगेच वाजवलं असतं तर सगळे ओशाळले असते. ती थांबून राहिली, खोलीत कधी थांबली नव्हती तेवढी. मग अगदी हळू शेवट वाजवला. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

काका सतरंजीवर टेकले. “अजून एकडाव वाजव, पोरी,” ते म्हणाले. “आता आमी बसून आयकतो.”