शिवम्माचा भगुन्यातला ब्रेड

…तर शिवम्मानं ती पुडी माझ्या पुढ्यात आपटली आणि म्हणाली, "भगवानअण्णा, वाचा. काय काय घातलंय ते समदं वाचा. एक अक्षर सोडू नका."

पुडी होती तपकिरी ब्रेडची, धनराजनं दिलेली. आमच्या ठाणाकुशनूरच्या स्टँडवर त्याची बेकरी आहे. बेकरी आपली म्हणायची, माल सगळा बाहेरून टेम्पोनं येतो. "शुगरवाल्या माणसाचा ह्योच ब्रेड, अक्का," असं सांगून त्यानं तो तिच्या गळ्यात मारला होता. मी चष्मा पुसला. अक्षरं मुंगीच्या डोळ्याएवढी, त्यात इंग्रजी. पहिलं नाव निघालं मैद्याचं. मग साखर. पुढं रंग.

"रंग?" शिवम्मा म्हणाली. "म्हंजे पांढऱ्याच बैलाला काव फासून तांबडा म्हणून इकायलाय की त्यो!"

आता जगदेवप्पाचं सांगायला पाहिजे. तो शिवम्माचा नवरा आणि माझा लहानपणापासूनचा दोस्त. दोन वर्षांमागं त्याचे दात काढले. आमच्याकडं ब्रेड म्हणजे आजाऱ्याचं खाणं. हातात पुडी दिसली की रस्त्यातला माणूस विचारतो, "कोण दवाखान्यात हाय?" जगदेवप्पाला तेव्हा चहा-ब्रेडची जी गोडी लागली, ती हिरड्या भरल्या तरी सुटेना. कवळी डबीत आणि हा स्टँडवर! सकाळी चार तुकडे, दिवेलागणीला चार. यंदा शुगर तीनशेच्या वर गेली, पायाला मुंग्या यायला लागल्या. औरादच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि मैदा बंद म्हणून सांगितलं. शिवम्मानं ज्वारीची भाकर वरणात कुस्करून दिली, तर यानं ताट सरकवलं.

"म्या काय कुकुलं बाळ हाय? कुस्करा चारायलीस! ब्रेड सोडणार न्हाई."

"नका सोडू," ती म्हणाली. "धनराजचा तेवढा सोडा. म्या करते घरी."

जगदेवप्पाला हसून हसून ठसका लागला. घरात चुलीशिवाय काही नाही, आणि ही ब्रेड करणार! पण शिवम्मानं माहेरी, चिटगुप्प्याला, दिवाळीची नानकटाई वाळूवर भाजलेली पाहिली होती. तेवढ्या आठवणीवर तिनं पदर खोचला. खपली गहू कोंड्यासकट दळून आणला, ताकात भिजवून आंबवला. चुलीवर मोठं भगुनं, तळाला तापलेली वाळू, वाळूवर आंबलेल्या पिठाचा डबा, भगुन्यावर परात आणि परातीत इंगळ.

पहिला ब्रेड निघाला तो जगदेवप्पानं ओट्यावर आपटला. ओट्याचा पोपडा उडाला, ब्रेडला काही झालं नाही. "दात काढले ते बरंच झालं," तो म्हणाला. "नसता ह्येनं पाडले असते." दुसरा वरून कोळसा आणि आतून कणीक. तिसरा फुगला आणि गार होता होता बसला. चौथा बघायला तर धनराज स्वतः आला.

"अक्का, तुम्ही ब्रेड करायलात, तर म्या काय भाकरी इकू?"

"इक की! तुझ्या बायकोच्या हातच्या भाकरी ब्रेडापरीस कवाबी चांगल्या. आन् ऐक, ह्यांना पुडी दिलीस तर तुझ्या दुकानापुढं खुर्ची टाकून बसीन. येईल त्या गिऱ्हाईकाला भगवानअण्णा वाचून दाखवतील."

मी मान डोलावली. न डोलावून सांगतो कुणाला!

धनराजनं धसका घेतला आणि पुडी द्यायची बंद केली. त्यावर जगदेवप्पा रुसला. चार दिवस स्टँडवर गेला नाही, बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. पाचव्या दिवशी शिवम्माचा सहावा ब्रेड जमला. वरून खरपूस, आत जाळी. वास गल्लीभर गेला. जगदेवप्पा चार दिवस दिसला नाही आणि आता घरातून ब्रेडचा वास येतोय, म्हटल्यावर गावानं काय समजायचं ते समजून घेतलं.

आधी शेजारच्या वच्छलाबाई आल्या, मग सिद्धप्पा, मग ईरण्णा. प्रत्येकाच्या हातात धनराजच्या दुकानातली पुडी.

"पोटात काही जायलंय का?" वच्छलाबाईंनी हळूच विचारलं.

जगदेवप्पा ताडकन उठून बसला. "आरं, म्या धडधाकट हाय!"

"आजारी माणूस असंच म्हणतंय," असं म्हणून सिद्धप्पानं त्याच्या पाठीशी उशी लावली.

बाजेवर तीन पुड्या. चार दिवसांचा उपाशी हात हळूहळू त्यातल्या एकीकडं सरकला. मी बघत होतो, शिवम्माही बघत होती. तिनं त्याचा हात धरला नाही. तिन्ही पुड्या उचलल्या आणि ज्याच्या त्याच्या हातात दिल्या.

"अगं, आजाऱ्याकडं नेलेलं परत नेत नसतात," वच्छलाबाई म्हणाल्या. "दुखणं संगं येतंय."

"आजारी कोण हाय इथं? बसा. चहा बिनसाखरेचा हाय, पण गरम हाय."

तिनं ब्रेड विळीवर चिरला आणि सगळ्यांपुढं एकेक तुकडा ठेवला. जगदेवप्पापुढंही. सिद्धप्पानं घाईनं त्याची बशी बाजूला ओढली. "ह्यांना नको, शिवम्मा. कोंड्याचा हाय, जड पडंल. त्यांना पुडीतलाच दे."

बस्स. जगदेवप्पाच्या मिशा थरथरल्या. "जड कामून पडंल? तुला पचतोय आन् मला पचत न्हाई? आण हिकडं!"

त्यानं तुकडा चहात बुडवला, हिरड्यांनी चघळला, गिळला. मग त्यानं बशी पुढं केली. "अजून एक दे. कडंचा नको, मधला."

त्यानंतर तो धनराजकडं फिरकला नाही. शुगर उतरली असं मी सांगणार नाही, गोळ्या चालूच आहेत. पण त्या दिवशीचं एक राहिलंच. पुडी मांडीवर घेऊन बसलेल्या वच्छलाबाईंना राहवलं नाही. "व्हय गं शिवम्मा, ह्या वयात वाळू तापव, इंगळ वढ, ह्यो खटाटोप कितीक दिवस करणार तू?"

शिवम्मा म्हणाली, "मावशी, पन्नास वर्षं दोन्ही टायमाला भाकरी थापायलेय, तवा तुम्ही एकदा बी इचारलं न्हाई कितीक दिवस म्हणून. आताच कामून इचारायलात?"