रांगोळीतले ठसे

"कडी मी लावली होती."

"लावली असतीस तर पिपेट काय व्हिसा संपला म्हणून निघून गेली?"

"गिरिजा, पंचवीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे मी. कडी लावली की ओढून बघतो. दोनदा."

"फॅक्टरीत बघत असशील. इथे घाई असते तुला."

"मग तूच येत जा संध्याकाळी. खाट टाक, काठी घेऊन बस."

"मी भांडत नाहीये रे. मी विचारतेय. दार बंद असताना कोंबडी जाते कशी?"

"भांडत नाहीस? बरं. मग भांडशील तेव्हा आधी सांग."

रणजित, तिचा नवरा, गाडीत जाऊन बसला. गिरिजा खुराड्यासमोर उकिडवी बसून राहिली. आत चार कोंबड्या होत्या. गेल्या महिन्यापर्यंत सात होत्या.

आता ही गिरिजा कोण आणि अमिरातीतल्या रास अल खैमा शहराबाहेर, दिगदग्याच्या वाळूत कोंबड्या घेऊन का बसली होती, ते सांगायला हवं. कल्याणच्या तिसऱ्या मजल्यावर वाढलेली बाई. तिनं लहानपणी कोंबडी पाहिली ती दुकानात, आणि तीही उलटी टांगलेली. लग्नानंतर इकडे आली, एका भारतीय शाळेच्या बायॉलॉजी लॅबमध्ये असिस्टंट म्हणून लागली आणि अठरा वर्षं तिथेच रमली. स्लाइड पुसायच्या, बेडूक मोजायचे, मुलांनी फोडलेल्या काचा गोळा करायच्या. शिक्षिका शिकवायच्या तेव्हा ही मागे उभी राहून ऐकायची आणि तास संपल्यावर तिलाच जास्त प्रश्न पडलेले असायचे. सुरवंटाला भूक लागलेली कळते कशी? पाल शेपूट टाकते, तेव्हा तिला दुखतं का? टीचर म्हणायच्या, "गिरिजा, तुम्ही ना, चुकून झाडू हातात घेतलेल्या सायंटिस्ट आहात."

मागच्या मार्चमध्ये सहावीच्या प्रोजेक्टसाठी शाळेत इनक्युबेटर आला. नऊ अंडी ठेवली, सात फुटली. मुलांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले, आणि सोमवारी मुख्याध्यापकांनी विचारलं, "ह्यांचं पुढे काय?" ह्या प्रश्नाचं उत्तर प्रोजेक्टमध्ये नव्हतं. गिरिजानं खोकं उचललं आणि घरी आणलं. नावंही तिनंच ठेवली: लिटमस, बीकर, पिपेट, फ्लास्क, ट्रायपॉड, बर्नर आणि सगळ्यांत लहान ती स्लाइड. नशीब असं, की सातही माद्याच निघाल्या.

बाल्कनीत दोन महिने. मग शेजाऱ्यांची तक्रार. मग एमानबाईंच्या शेतावरचा हा पट्टा, भाड्यानं. एमान म्हणजे शेताची मालकीण, सत्तरीची, अबाया खोचून स्वतः बदकांना दाणे टाकणारी. शेताचे आठ पट्टे करून तिनं आठ घरांना दिले होते. कोणी मेथी लावायचं, कोणी भेंडी. गिरिजानं कोंबड्या लावल्या.

उन्हाळा तिनं काढला कसा, ते तिचं तिलाच माहीत. खुराड्यावर दोन छपरं, मधून वारा जायला हातभर जागा. वर खजुराच्या झावळ्या. पाण्याच्या भांड्यात बर्फाच्या बाटल्या. जुलैत कोंबड्या चोची उघड्या टाकून, पंख अंगापासून लांब धरून उभ्या राहायच्या, आणि ही त्यांच्यापुढे ओलं पोतं हलवत तशीच उभी. पन्नास अंशांत एकही मेली नाही. आणि आता जानेवारीत, गुलाबी थंडीत, महिन्याभरात तीन गेल्या. बर्नर, फ्लास्क, आणि काल पिपेट. रक्त नाही, फार पिसं नाहीत, दार बंद. वाऱ्यानं सकाळपर्यंत वाळू अशी सारखी केलेली, की जणू काही घडलंच नाही.

त्यात एमानबाई आल्या. मुंबईची नोकरमाणसं घरात असल्यामुळे त्यांचं हिंदी फर्मास होतं.

"गिरिजा, ये कौन ले जाता है?"

"मालूम नहीं, एमान. बिल्ली? साप?"

"मालूम करो. आज तुम्हारी मुर्गी, कल मेरी बतख. जुमा तक बंद नहीं हुआ तो मुर्गी घर लेके जाओ. और सुनो, जहर नहीं, पिंजरा नहीं. जानवर को मारना नहीं. खलास?"

"खलास," गिरिजा म्हणाली. शुक्रवार पाच दिवसांवर होता. घरी नेणं म्हणजे बाल्कनी, आणि बाल्कनी म्हणजे पुन्हा बिल्डिंगच्या वॉचमनची नोटीस. दुसरीकडे कोण घेणार? ज्यांना विचारलं, त्यांनी "रस्सा की सुकं?" असंच विचारलं.

रविवारी संध्याकाळी तिनं काय केलं, तर खुराड्याभोवती सडा घातला. शेताचा राखणदार फरदीन, मूळचा चितगावचा, हातातली नळी टाकून बघायला आला.

"दीदी, पूजा है?"

"नाही रे. चौकशी है."

ओल्या वाळूवर तिनं चहाच्या गाळणीतून पांढरी रांगोळी चाळली. दिवाळीची उरलेली, कल्याणहून आणलेली, दगडाची, वाऱ्यानं न उडणारी. खुराड्याभोवती हातभर रुंद पट्टा. ठिपके नाहीत, वेल नाही, नुसता कोरा कागद.

सोमवारी सकाळी शाळेआधी ती तिथे हजर. कागदावर लिहिलं होतं. चार बोटं, पुढे नखांच्या टाचण्या. मांजर नखं आत ओढून चालतं, म्हणजे मांजर नाही. ठसा कुत्र्यासारखा, पण अरुंद, आणि सगळे एका रेषेत, दोरीवरून चालल्यासारखे. दाराजवळ एकही नाही. मागच्या बाजूला मात्र जाळी खालून उचललेली आणि वाळू आत घसरलेली.

"लोमड़ी," फरदीन म्हणाला. "दीदी, ये जाली मुर्गी को अंदर रखने का है. लोमड़ी को बाहर रखने का नहीं."

कडी रणजितनं लावलीच होती. हे त्याला सांगायला हवं, असं तिला वाटलं, आणि सांगायचं जरा लांबलं.

त्या दिवशी दुपारी फरदीननं आणि तिनं वेल्ड केलेली जाड जाळी बसवली, कोपरभर खोल पुरून, खालची कडा बाहेर वळवून, वर दगड. आता खणणाऱ्याला आधी लोखंड लागणार होतं. मंगळवारी सकाळी चारही कोंबड्या जाग्यावर. पण रांगोळी तुडवलेली, आणि दगडांपाशी उकरलेलं. बुधवारी तेच. पाहुणा रोज येत होता.

"मुर्गी मिलता नहीं, फिर भी आता है," फरदीन डोकं खाजवत म्हणाला. "इसको कोई खिलाता है, दीदी."

गिरिजाला हा प्रश्न चावला. बुधवारी तिनं रांगोळीचा पट्टा लांबवला, कुंपणापासून जुन्या टाकीच्या कट्ट्यापर्यंत. ठसे कुंपणाच्या फटीतून यायचे हे कळलं होतं, मधे कुठे जायचे हे नव्हतं. गुरुवारी पहाटे ती ठशांमागून चालत गेली. ठसे खुराड्याकडे आधी वळलेच नव्हते. ते सरळ जुन्या पाण्याच्या टाकीकडे गेले होते. टाकीच्या बुटक्या कट्ट्याखाली केळीच्या पानाचा तळहाताएवढा तुकडा पडला होता, चाटून लख्ख केलेला. भोवती ठसेच ठसे. मग तिथून खुराड्याकडे. जेवण झाल्यावर पान खायला जावं तसे.

ती खाली बसली. पान कोणाचं, हे तिला विचारायची गरज नव्हती.

दोन वर्षांपूर्वी रणजितची आई गेली, तेव्हा फॅक्टरीत भट्टीचं काम निघालं होतं. रजा मिळाली तोवर तेरावा उरकला होता. दहाव्याला नाशिकहून धाकट्या भावानं व्हिडिओ लावून दिला. पिंड ठेवलेला, झाडावर कावळे, आणि एकही खाली येईना. भाऊ म्हणाला, "दादा, काहीतरी बोल. तिचा जीव तुझ्यातच अडकला असेल." रणजित फोनमध्ये तोंड घालून म्हणाला, "आई, मी येतो." कावळा नाही आला. दोन तासांनी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

तेव्हापासून तो डब्यातला मूठभर दहीभात राखून ठेवायचा. कावळ्याला ठेवायची वेळ दुपारची, हे त्याला माहीत होतं. पण शिफ्ट पाचला सुटायची. मग शेताचा पट्टा घेतल्यापासून, कोंबड्यांचं दार लावायला इथे आला, की टाकीच्या कट्ट्यावर पान मांडायचा. उजाडताच कावळे येतात, म्हणायचा. आणि दुसऱ्या संध्याकाळी पान रिकामं असायचं. पहिल्यांदा पान रिकामं दिसलं त्या दिवशी तो घरी येऊन शिट्टी वाजवत आंघोळीला गेला होता. गिरिजानं ती शिट्टी ऐकली होती.

टाकीभोवतीच्या रांगोळीत तिनं कावळ्याची तीन बोटं शोधली. अगदी गुडघ्यांवर रांगत शोधली. नव्हती.

गुरुवारी संध्याकाळी ती शाळेतून थेट आली आणि फरदीनच्या खोलीच्या आडोशाला फोनचा कॅमेरा धरून उभी राहिली. रणजित आला, दार लावलं, कडी ओढली, एकदा, दोनदा. पान मांडलं. हात जोडले. गाडीकडे गेला आणि फोनवर कोणाशी बोलत उभा राहिला. अजून उजेड होता. कुंपणाच्या फटीतून कोल्हा आला. मोठे कान, काटकुळे पाय, वाळूच्याच रंगाचा. इतका छोटा? तिनं मनात एखादा राक्षस धरला होता. त्यानं इकडेतिकडे पाहिलं नाही, वास घेतला नाही. आपल्या घरचं ताट असल्यासारखा कट्ट्यावर चढला, भात खाल्ला, पान खाली ओढून चाटलं. दही मिशांना लागलेलं. तिला राग आणायचा होता. तो येईना. हा दही खातो, हे कोणत्या पुस्तकात आहे, असंच काहीतरी तिच्या डोक्यात आलं.

शुक्रवारी रणजितला अर्धा दिवस. दोघं चारला पोचले. एमानबाई सकाळीच बजावून गेल्या होत्या, संध्याकाळी बघायला येते म्हणून. रणजितनं दार तपासलं, मग डबा उघडला.

"रणजित, थांब जरा."

"काय?"

"कडी तू लावली होतीस. रोज. मी उगाच बोलले."

तो हसला. "लेखी दे."

"देते. पण हे इथे बघ." तिनं फोन पुढे केला. गुरुवारचा व्हिडिओ, चाळीस सेकंदांचा. रणजितनं तो उभ्यानं पाहिला. संपल्यावर पुन्हा लावला. डब्याचं झाकण त्याच्या डाव्या हातात तसंच होतं.

"हा कालच आला असेल," तो म्हणाला.

"मी रांगोळी बघितली. टाकीभोवतीसुद्धा."

"कावळा कट्ट्यावर उतरतो. खाली कशाला पाय ठेवेल?"

"कट्ट्यावरपण चाळली होती."

"किती दिवस?"

"बुधवार, गुरुवार. दोनच."

"दोनच दिवस. आठ महिन्यांत दोन दिवस. ह्याला तू सॅम्पल म्हणतेस?"

"नाही म्हणत. आधीचं मला नाही माहीत. खरंच नाही माहीत." तिनं फोन परत घेतला. "पण भात इथे आहे तोवर तो येणार. आणि तो एमानबाईंना दिसला तर ह्या चौघी आज बाल्कनीत. आणि बाल्कनीतून कुठे, ते तुलाही ठाऊक आहे."

खुराड्यात लिटमसनं मान तिरकी करून डब्याकडे पाहिलं. रणजितही डब्याकडे पाहत होता.

"मी म्हणते, उद्या शनिवार. दोघंही मोकळे आहोत. दुपारी, बरोबर वेळेला, शहरात खाडीवर जाऊ. तिथे कावळे आहेत, मी पाहिलेत. पान मांडू आणि बसू. दोन तास बसू, चार तास बसू. काय येतं ते आपल्या डोळ्यांनी बघू. जाऊ या ना?"

त्यानं डब्याचं झाकण लावलं. एक क्लिप दाबली, मग दुसरी. डबा काखेत धरला आणि पान न मांडताच टाकीला वळसा घालून, फाटकातून बाहेर, गाडीच्या उलट्या दिशेनं, वाळूच्या रस्त्यावर चालू लागला, मान वर करून, झाडांच्या शेंड्यांवर कावळा शोधत.