कशावरूनबाई

उत्तर बरोबर आलं की बाईंच्या वर्गात खरा छळ सुरू व्हायचा. चुकलं तर त्या नुसतं "पुन्हा बघ बरं" म्हणायच्या. पण कुणी छाती फुगवून "पाच आणि तीन आठ" म्हटलं रे म्हटलं, की त्यांच्या भुवया वर जायच्या आणि प्रश्न यायचा, "कशावरून?" पनवेलच्या आमच्या शाळेत त्यामुळे त्यांचं नावच कशावरूनबाई पडलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं.

"आईनं सांगितलं", "पुस्तकात आहे", असली उत्तरं चालायची नाहीत. "पाठ तर पोपटालाही येतं, मेल्या! दाखव मला." मग चिंचोके मांडायचे, पाच इकडे, तीन तिकडे. मोजून झाले की बाई त्या मुलाला खांद्याला धरून पलीकडच्या बाजूला नेऊन बसवायच्या. "आता तीन आधी आले आणि पाच नंतर. एखादा पळाला का?" आठ आणि पाच असले तर म्हणायच्या, "आठाला दहा व्हायला दोन कमी पडतात ना? पाचातले दोन दे त्याला. आता पाचाकडे उरले किती?" हेडमास्तर दारातून वैतागायचे, "अहो बाई, बेरीज आहे ही, कोर्टकचेरी नव्हे!" बाई पदर खोचून पुढच्या मुलाकडे वळायच्या.

अशा बाईंच्या वर्गात मी आले, खाडीकडच्या आगरी घरातली पोर, आणि दोन आणि दोन तीन म्हणू लागले. सात आणि पाच अकरा. "कशावरून?" विचारलं की मी चिंचोक्यांवर बोट ठेवून ठेवून मोजायचे, आणि पुन्हा अकराच यायचे! वर्ग खो खो हसायचा. बाईंनी मला कधी छडी लावली नाही, पण माझ्याकडे बघत ओठ चावत बसायच्या.

शेवटी हेडमास्तरांनी बाबांना बोलावून सांगितलं, ही मुलगी पहिलीतच राहणार. बाबा संतापले. "दोन न दोन तीन बोलते, तिला शालेत कशाला धाडू? मिठागरावर तरी कामाला येल." माझी पाटी फळीवर गेली. मला शाळा फार आवडायची हो! रडून रडून डोळे सुजले, पण आमच्या घरात बाबांपुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

आणि रविवारी बाई धूळ तुडवत थेट आमच्या खळ्यावर हजर! भाताची मोजणी चालली होती. आमच्याकडे राशीचं पहिलं माप 'एक' म्हणून मोजत नसत. 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन. रास बदलली की पुन्हा लाभ. बाई एका दगडावर बसून ऐकत राहिल्या. मग खड्यांचे दोन ढीग करून मला म्हणाल्या, "मोज बघू. सात आणि पाच. मोठ्यानं हं." शाळेत पोरं हसतील म्हणून 'लाभ' हा शब्द मी ओठातच म्हणायचे. स्वतःच्या खळ्यावर कसली लाज? लाभ, दोन, तीन करत सातांचा ढीग मोजला. दुसऱ्या ढिगातल्या पहिल्या खड्यावर बोट ठेवून म्हटलं, "लाभ", आणि पुढे, "आठ, नऊ, दहा, अकरा."

"अगं, सापडलं!" बाई ओरडल्याच. "लाभ म्हणतेस तेव्हा माप रिकामं असतं का गं?"

"नाय. भरल्यालं असतं."

"मग त्याला आकडा नको?"

मी पुन्हा मोजलं. या वेळी लाभाच्या खड्यालाच आठ म्हटलं. "बारा!"

"कशावरून?"

"लाभाचं माप पन भरल्यालं असतं म्हनून."

बाबा हातातलं माप तसंच धरून उभे होते. "म्हंजे पोर येडी नाय?"

"वेडी? अहो, इतक्या नेमानं चुकणारं माझ्या वर्गात दुसरं कुणी नाही. आणि शिकलीय तुमच्याकडूनच!" बाबा कसनुसं हसले. दुसऱ्या दिवशी ते स्वतः मला शाळेत सोडायला आले.

मी चौथीत असताना बाईंची बदली झाली. एस.टी.च्या पायरीवर एक पाय ठेवून त्या बाबांना म्हणाल्या, "हिला मॅट्रिक करीन म्हणा, नाहीतर मी चढत नाही." कंडक्टर घंटी वाजवून थकला. आमच्या गावातली एकही पोर तोवर चौथीच्या पुढे गेली नव्हती. बाबा इकडेतिकडे बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "करतो बाई. चढा तुमी."

त्यांनी शब्द पाळला. भाऊबंद टोमणे मारायचे, "पोरीला काय बालिस्टर करतंस?" बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवशी त्यांनी धुतलेला सदरा घातला, पेढ्यांचा पुडा आणला आणि मला म्हणाले, "चल, बाईला सांगून येव." बाई वारल्याचं मला शाळेत कधीच कळलं होतं. बाबांना सांगायचा धीर मात्र झाला नव्हता. आता सांगावंच लागलं. पुडा मांडीवर घेऊन ते ओट्यावर बसले. "मंग आता मी कोनाला सांगू?" एवढंच म्हणाले, आणि माझ्यादेखत ढसाढसा रडले.