तुळसाकाकूंच्या घरचा देव

तुळसाकाकू देवाशी भांडायच्या. पूजा करता करता देवाला दटावणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. लग्न होऊन मी लोहाऱ्याजवळच्या त्या गावी, त्यांच्या शेजारी आले, तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि गावातलं महादेवाचं जुनं लाकडी माळवदाचं देऊळ आगीत जळून बंद पडलेलं होतं. देऊळ दुरुस्त होईपर्यंत देवाला मंत्रून कलशात आणायचं आणि तो कलश गुरवाच्या घरी ठेवायचा, अशी रीत. काकूंचा नवरा गावचा गुरव; तो गेल्यापासून पूजा काकूंकडंच होती. कलशापुढचा दिवा विझता कामा नये, म्हणून त्यांना गाव सोडता येईना. दुरुस्तीची सरकारी परवानगी यायची होती, आणि ती काही येत नव्हती.

“तुमचं घर जळलं अन् माझ्या घराचा कोंडवाडा झाला,” त्या कलशाला सुनवायच्या. वात मात्र जपून पुढं सारायच्या.

त्यांची एकुलती एक लेक गोदा सासरी पोटुशी राहिली. पहिलं बाळंतपण माहेरचं. पण बाळंतिणीच्या घरचा विटाळ देवापुढं चालायचा नाही, असं पंचांनी बजावलं. काकूंनी पंचांपुढं पदर पसरला. “देव दुसरीकडं न्या, न्हायतर मला तरी जाऊ द्या.” स्थापलेला कलश हलवत नसतात, असं उत्तर मिळालं. गोदा सासरीच बाळंत झाली आणि मूल दगावलं.

निरोप आला त्याही दिवशी काकूंनी दिव्यात तेल घातलं. मला भारी राग आला. “आता कशाला?” मी विचारलं.

“दिवा इझला तर गाव माझ्या लेकीच्या नावानं खडे फोडंल, पोरी,” त्या म्हणाल्या आणि भिंतीला टेकून बसून राहिल्या.

पुढं परवानगी आली, देऊळ नीट झालं. कलश वाजतगाजत निघाला. दार उघडल्यावर पहिलं दर्शन काकूंचं, असं पंचांनी ठरवलं होतं. त्या दिसेनात, म्हणून मी घरी धावले. कलशाच्या जागी काकू सारवत होत्या. भिंतीशी बाज उभी होती आणि दारात बैलगाडीतून गोदा उतरत होती, पुन्हा पोटुशी.

“काकू, चला की! सगळे खोळंबलेत.”

“घ्या म्हणावं दर्शन तुमचं तुमी. या घरात आता बाळंतीण हाय. इटाळाच्या घरातल्या बाईनं देवापुढं जाऊ न्हाय, पंचच म्हनले व्हते न्हवं?”

बाळंतपणाला अजून चांगला महिना होता.