सगुणाबाईचं माहेर

हे मी आजवर नवऱ्याजवळही बोलले नाही. तुम्हाला सांगते — तो शोध लागला तेव्हाचा आनंद अजून ओसरलेला नाही. लाज वाटायला हवी ना? वाटते. पण आनंदही होतोच.

निमगाव केतकीजवळच्या आमच्या माळावर पहिलं बिऱ्हाड मांडलं ते सगुणाबाईनं. विधवा बाई, चार मेंढ्या, कडेवर पोर. तिनं माळ फोडला, विहीर खणली. आम्ही सगळे तिच्याच वंशातले. जत्रेत तिच्या समाधीला माहेरची साडी नेसवतात — पण माहेर कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून साडी आमच्या घरची आणि नेसवायचा मान थोरली सून म्हणून माझा. त्या मानाची मला केवढी चटक लागली होती, काय सांगू!

तिचं माहेर शोधायचं मीच मनावर घेतलं. जुने फेरफार, म्हाताऱ्यांच्या आठवणी — वेडच लागलं होतं! लोणी भापकरचे एक तात्या, ऐंशीच्या पुढचे, एसटीनं दोनदा येऊन गेले. त्यांची आजी सांगायची, सगुणा आपली लेक. पुरावा मात्र नव्हता.

मग हेळवी आला — घराण्यांच्या पिढ्या चोपडीत लिहून ठेवणारा, गावोगाव त्या वाचून दाखवणारा. घरी मी एकटीच. त्यानं पान काढलं, ओळीवर बोट ठेवून वाचलं — सगुणा, लोणी भापकरची लेक... तात्यांचंच घराणं! मी ओरडलेच. पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. इतक्या पिढ्यांना न सापडलेली बाई मला सापडली!

आणि मग — मग ध्यानात आलं, की साडी आता तात्यांची, आणि नेसवायचा मानही त्यांच्याच घरचा.

जत्रेला तात्या आले, हातात पिशवी. "बाई, निघालं का वं आमचं नाव?"

"नाही तात्या. चोपडीत माहेर लिहिलेलंच नाही."

किती सहज बोलले मी! जीभ अडखळली का? नाही.

"ऱ्हाऊ द्या. तुमी लई खटपट केली आमच्यापायी." पिशवीतली हिरवी साडी त्यांनी मला नुसती दाखवली आणि परत ठेवली. मी त्यांना चहा करून दिला.

पुढच्या जत्रेआधी तात्या गेले. त्यांच्या मुलांना मी अजून काही कळवलेलं नाही. परवाच जत्रा झाली. साडी मीच नेसवली. गुरवानं रीतीप्रमाणे विचारलं, "साडी कुणाची?"

"माहेरची," मी म्हणाले.