झोळीची गाठ

रविवारची सकाळ. भागाबाई ओसरीत अंबाडीची भाजी निवडत होती, आत सून भाकरी थापत होती आणि मुलगा अमृत चाचणीचे पेपर तपासत होता. दारावर थाप पडली तशी भागाबाईच उठली. मुलगा मास्तर झाला, त्यानं तिला वांकिडीकडच्या खेड्यातून इचोड्याला आणलं, त्याला सहा वर्षं होत आली होती. या घरात कडी काढण्याचं कामसुद्धा तिला हवंसं वाटे.

एक गोष्ट मात्र तिला खुपत होती. कोणी विचारलं की अमृत सांगे, गावाकडे शेती आहे. शेती होतीच, पण ती दुसऱ्याची. भागाबाईनं तीस वर्षं तिथं मजुरी केली होती, हे त्याच्या शाळेत कोणालाच ठाऊक नव्हतं.

दारात पांडुरंगराव होते, त्याच शाळेतले मास्तर. काखेत नायलॉनच्या जाळीचा झुला. येत्या शनिवारी अर्धी शाळा सुटली की अमृतसह सात मास्तरांनी नेरडीगोंड्यापर्यंत बसनं जायचं, पुढं पाठीवर शिधा घेऊन जंगलातून चालायचं, नाल्याकाठी झाडांना झोळ्या बांधून त्यातच झोपायचं आणि रविवारी परतायचं, असं ठरलं होतं. झुला एकच, पांडुरंगरावांच्या मेव्हण्यानं हैदराबादहून पाठवलेला. बाकीचे सहा जण बायकोची जुनी लुगडी नेणार होते. पांडुरंगरावांनी घरी दोनदा झुला बांधला आणि दोनदा ते खाली आले. दुसऱ्या वेळी अख्खा शेजार बघायला होता, हेही त्यांनीच हसत सांगितलं.

दोघा मास्तरांनी मग अंगणातला कडुलिंब आणि ओसरीचा खांब धरून झुला ताणला. अमृतनं हातानं दाबून पाहिला, तर गाठ सरकत सरकत सुटली. भागाबाईनं थोडा वेळ पाहून घेतलं. मग भाजीची परडी बाजूला सारली आणि सुनेकडून एक जुनं लुगडं मागून आणलं.

"हा दोर गुळगुळीत हाय गुरुजी, याले दोन वेढे जास्त लागतात," ती म्हणाली.

तिनं बुंध्याला आधी चिंधी गुंडाळली, वरून झुल्याच्याच दोराचे वेढे घेतले, लुगड्याचं टोक दुमडून त्यात अडकवलं, दुसरं टोक तसंच खांबाला लावलं आणि गाठ मारून स्वतः लोंबकळून पाहिली. पायांकडची बाजू वीतभर वर ठेवली. दोरावर रॉकेलची चिंधी बांधायची, म्हणजे मुंग्या उतरत नाहीत, हेही सांगितलं. मग विचारलं, मुक्काम कुठं?

नाल्याकाठी मोहाची झाडं आहेत, तिथंच, पांडुरंगराव म्हणाले.

"आता मोह गळून राह्यला. पाहाटे अस्वल येते फुलं खायाले. तुमी आयते टांगलेलेच राहान."

पांडुरंगराव मोठ्यानं हसले, मग हसू आवरून त्यांनी खिशातल्या कागदावरची मुक्कामाची जागा खोडली. लुगड्यात जाऊन पडले. झोळी हलली नाही. पडल्यापडल्याच त्यांनी विचारलं, "मावशी, हे शिकल्या कुठं तुमी?"

भागाबाईनं तोंड उघडलं, पण अमृत आधी बोलला. गावाकडे सगळ्यांनाच येतं असलं, चला, चहा घेऊ.

भागाबाई भाजीकडे वळली. कापूस वेचायच्या दिवसांत ती मजुरी करी त्या बाबाराव पाटलाच्या धुऱ्यावर, बांधाच्या झाडांना, ओळीनं झोळ्या लागत. सगळ्या बाया आपलं लेकरू तिच्याच हातानं टांगून घेत, कारण तिची गाठ कधी सुटली नव्हती. एका झोळीत अमृतही असे. दिवस चढला की ती वेचायची ओळ सोडून झाडाखाली जाई, त्याला पाजून पुन्हा ओळीला लागे.

चहा झाला, पांडुरंगराव गेले. अमृत लुगड्याची घडी घालत होता. आईकडे न बघता म्हणाला, "माय, राग आला काय तुले?"

"राग काऊन येईन?" ती म्हणाली. भाजीचे देठ तिनं एकीकडे केले. "शनिवारी साऱ्यायच्या झोळ्या तूच बांधशीन. कोणी विचारलं कोणं शिकवलं, तं सांग, माह्या मायनं शिकवलं. अन् ते लोकाच्या वावरात मजुरी करता करता शिकली, एवढंबी सांग."